फिरत्या पट्ट्यावरची पंगत

या सदरात मागे लिहिलं होतं, की परक्या गावातलं महागडं हॉटेल कुणीही दाखवतं, स्वस्त आणि चांगलं जेवण मात्र आपलं आपल्याला शोधावं लागतं. त्यावर काही वाचकांनी विचारलं, "मग जपानमध्ये काय?" प्रश्न रास्त आहे. आता आपल्या इंदूरच्या मराठी घरांतलीही मुलं शिकायला आणि नोकरीला तिकडे जाऊ लागली आहेत. त्यांचे आईवडील तिकीट काढण्याआधी व्हिसाचं विचारत नाहीत, थंडीचं विचारत नाहीत. "तिथे आम्ही खाणार काय?" एवढंच विचारतात.

माझी भाची ओसाकाजवळ नोकरीला आहे. तिच्याकडे मी आणि माझी आई पंधरा दिवस राहून आलो. आई पंचाहत्तरीची आणि पक्की शाकाहारी. तरीही त्या पंधरा दिवसांत आम्ही तीन वेळा सुशीच्या दुकानात जेवलो आणि तिन्ही वेळा आई हसतमुखाने बाहेर पडली. ही दुकानं म्हणजे 'काइतेन-झुशी'. काइतेन म्हणजे फिरणं. टेबलांच्या कडेने एक पट्टा सरकत असतो, त्यावर लहान लहान बश्या, बशीत सुशीचे बहुधा दोन घास. आवडली ती बशी उचलायची, खायची, रिकाम्या बश्या एकावर एक रचायच्या आणि शेवटी त्यांचा हिशेब चुकता करायचा.

गाडीवरून बंगल्यात, बंगल्यातून परत गाडीवर

आधी एक गैरसमज दूर करू. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात. हा शब्दच मुळात आंबट चवीशी जोडलेला आहे. त्या भातावर कच्चा मासा असेल, शिजवलेली कोळंबी असेल, गोडसर ऑम्लेटचा तुकडा असेल किंवा नुसती काकडीही असेल.

फार पूर्वी मासे टिकवण्यासाठी मीठ लावून भातात दाबून ठेवत. महिनोन् महिने ते आंबत. मग मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा. बिवा सरोवराच्या काठी अशी 'फुनाझुशी' आजही करतात. हळूहळू आंबवण्याचा काळ कमी होत गेला, भातही खाल्ला जाऊ लागला. १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने दाबलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवून लगेच द्यायची पद्धत रूढ झाली. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. तेव्हा ही गोष्ट गाडीवरची होती. कामावर जाणारा माणूस उभ्या उभ्या दोन घास तोंडात टाकायचा आणि पुढे जायचा. आपल्याकडचे सकाळचे पोहे आठवा.

पुढे हा गाडीवरचा पदार्थ मोठा झाला. सुशी करणारे कारागीर वर्षानुवर्षं उमेदवारी करून तयार होऊ लागले. लाकडी काउंटर आले. अनेक दुकानांत भावाचा फलकच नसे, त्या दिवशी बाजारात मासा ज्या भावाने मिळाला त्यावर बिल. साध्या पगाराचा माणूस अशा दारात पाय ठेवायला कचरू लागला. जेवणाआधी किती होणार ते विचारायची लाज, आणि न विचारावं तर बिलाची धास्ती. ही अडचण आपल्यालाही परकी नाही.

ती सोडवली योशिआकी शिराईशी या माणसाने. ओसाकाच्या पूर्वेकडच्या, लहान लहान कारखान्यांच्या वस्तीत त्यांचं सुशीचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक कामगार, म्हणजे भाव वाढवायची सोय नाही. हाताखाली माणसं मिळत नव्हती, कारण तरुण पोरं कारखान्यांत जात होती. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना सुचलं, की सुशी अशी सरकली तर? मग वाढपी लागणारच नाहीत. वर्षानुवर्षं खटपट करून त्यांनी पट्टा बसवला आणि १९५८ साली 'मावारु गेन्रोकु झुशी' हे दुकान उघडलं. पट्ट्याचा वेग ठरवणं हेही सोपं काम नव्हतं. फार हळू असेल तर गिऱ्हाईक वैतागणार, फार जलद असेल तर बशी उचलता येणार नाही आणि वाऱ्याने सुशी सुकणार. शेवटी सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर हा वेग त्यांना पटला.

१९७० साली ओसाकात जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे लाखो लोकांनी हा फिरता पट्टा पाहिला आणि त्याचं नाव देशभर झालं. शिराईशींचा हक्क १९७०च्या दशकाच्या अखेरीस संपल्यावर इतरांनीही पट्टे बसवले. १९८१मध्ये भाताचे घास पाडणारं यंत्र आलं. आजच्या अशा यंत्रांतून ताशी हजारो घास निघतात. आता मोठ्या साखळी-दुकानांत आत कारागीर कमी आणि यंत्रं जास्त असतात. खवय्ये नाक मुरडतात ते मुरडोत. पण शनिवारी संध्याकाळी अशा दुकानाबाहेर आजी-आजोबा, शाळकरी मुलं आणि कडेवरची बाळं घेऊन रांगेत थांबलेली कुटुंबं पाहिली, की शिराईशींनी नेमकं काय केलं ते कळतं. बंगल्यात गेलेली सुशी त्यांनी परत गाडीवर आणली.

आत गेल्यावर

आता कामाचं. दाराशी एक यंत्र असतं. त्यावर मोठी माणसं किती, मुलं किती, टेबल हवं की काउंटर, एवढं दाबायचं. बहुतेक ठिकाणी इंग्रजीची सोय असते. नंबराची चिठ्ठी येते. सुट्टीच्या दिवशी तासभर थांबायची तयारी ठेवा, किंवा संध्याकाळी पाचलाच जा.

टेबलावर कप, हिरव्या चहाची पूड, सोया सॉस, आल्याच्या पातळ चकत्यांचं लोणचं आणि चॉपस्टिक्स ठेवलेल्या असतात. कडेला एक नळ असतो, तो उकळत्या पाण्याचा. हा हात धुवायचा नळ नाही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना त्या बाजूला बसवू नका. कपात चमचाभर पूड टाका, कप नळाखाली धरून दाबा, चहा तयार. चहाचे पैसे नाहीत, कितीही प्या. आईने एका बैठकीत पाच कप घेतले. दूध-साखर नाही याबद्दल तिची एक तक्रार तेवढी राहिली.

समोरच्या पडद्यावर चित्रं असतात. हवी ती बशी दाबली, की काही मिनिटांत ती पट्ट्यावरून थेट तुमच्या टेबलाशी येते. काही दुकानांत ती बुलेट ट्रेनच्या आकाराच्या ट्रेमधून येते, बशी उचलून बटण दाबलं की गाडी परत जाते. मुलं यावर खूश असतात. एका साखळीत रिकाम्या बश्या टेबलाच्या कडेच्या फटीत टाकायच्या असतात. पाच झाल्या की पडद्यावर छोटा खेळ सुरू होतो आणि नशीब असेल तर वरून खेळण्याची डबी पडते. पोट भरलं असूनही पाचवी बशी पूर्ण करायला लावणारी ही युक्ती आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावं.

एक नियम मात्र पक्का. हात लावलेली बशी परत पट्ट्यावर ठेवायची नाही. नको असेल तर पैसे द्या आणि बाजूला ठेवा.

भाव पाहा. मोठ्या साखळ्यांत बरीच वर्षं सर्वांत स्वस्त बशी १०० येन आणि वर कर अशी होती. २०२२मध्ये मासा, तेल, वाहतूक सगळंच महागलं आणि भाव वाढले. आता बऱ्याच ठिकाणी सर्वांत स्वस्त बशी १२० येनांच्या आसपास पडते, म्हणजे साधारण ६५ ते ७० रुपये. आठ बश्यांत माझ्यासारखीचं पोट भरतं. म्हणजे हजार येनांच्या आत, साडेपाचशे रुपयांच्या घरात जेवण. बशीच्या रंगावरून भाव कळतो, त्यामुळे आपण कुठवर आलो ते जेवतानाच दिसत असतं. टिप द्यायची नसते.

मत्स्याहारी आणि शाकाहारी

मासे खाणाऱ्यांसाठी सुरुवात कोळंबीपासून करावी, ती उकडलेली असते. मग सॅमन. गंमत म्हणजे कच्चा सॅमन ही जपानची जुनी परंपरा नव्हे. त्यांच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये परजीवी असायचे, म्हणून ते तो शिजवूनच खात. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला सॅमन विकण्यासाठी जपानमध्ये चिकाटीने प्रयत्न केले आणि हळूहळू तो सुशीवर चढला. आज मुलांना सगळ्यांत जास्त हवा असतो तो हाच. आपल्याकडे रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही. ट्यूना म्हणजे कोकणातल्या कुप्याचा मोठा भाऊबंद. 'साबा' हा आपल्या बांगड्याच्याच कुळातला, मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेला. गोव्याच्या किंवा मालवणच्या माणसाला हा पहिल्या घासातच ओळखीचा वाटेल. कच्च्या माशाची धास्ती असेल तर एवढं माहीत असू द्या, की उणे २० अंशांवर २४ तास गोठवला की त्यातले अनिसाकिस नावाचे परजीवी मरतात, आणि साखळी-दुकानांतला बराचसा मासा गोठवूनच आलेला असतो. गरोदर बाईने आणि अगदी लहान मुलांनी कच्चा मासा टाळलेला बरा.

शाकाहारी मंडळींनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. काकडीची 'काप्पामाकी' सगळीकडे मिळते. जपानी लोककथांतल्या काप्पा नावाच्या जलप्राण्याला काकडी फार आवडते, म्हणून हे नाव. मुळ्याच्या लोणच्याची गुंडाळी काही ठिकाणी असते. आंबवलेल्या सोयाबीनची 'नात्तो' असते. तार धरणारी, उग्र वासाची. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "बुळबुळीतपणात ही भेंडीच्या वरताण आहे गं." दुसरा घास घेतला नाही. कॉर्नच्या सुशीत मेयोनीज असतं आणि त्यात अंडं. टोफूच्या तळलेल्या पिशवीतली 'इनारी' दिसायला शाकाहारी, पण ती बहुधा माशाच्या अर्कात शिजवलेली असते. मिसो सूप आणि उदोन नूडल्स यांचंही तेच. या अर्काला 'दाशी' म्हणतात. हा एक शब्द पाठ करून जा, फार कामाला येतो. अगदी कडक पाळणाऱ्यांनी काकडीची गुंडाळी, मीठ लावलेल्या सोयाबीनच्या शेंगा, बटाट्याच्या काड्या आणि आइस्क्रीम यांवर भागवावं. ऐकायला हे तुटपुंजं वाटेल. पण सगळं कुटुंब एका टेबलाला बसू शकतं आणि कुणी नुसता पाण्याचा पेला घेऊन बसत नाही, हे परदेशात थोडं नाही.

आग्रहाविना पंगत

दुसऱ्या खेपेला आईने विचारलं, "इथे आग्रह करायला कोणीच नाही का?" नाही, खरंच नाही. आपल्या पंगतीत आपण बसलेले आणि वाढपी फिरणारा. इथेही आपण बसलेले, पण अन्नच फिरतं. वाढणारा हात नाही, त्यामुळे "अजून एक घ्या" नाही आणि "एवढंच?"ही नाही.

मला आधी हे कोरडं वाटलं. मग भाचीने सांगितलं ते असं. नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांत तिला जपानी वाचता येत नव्हतं. पगारातला मोठा भाग घरभाड्यात आणि शिक्षणाच्या कर्जात जायचा. ऑफिसातली मंडळी चांगली होती, पण संध्याकाळी घरी गेल्यावर खोलीत बोलायला कुणी नाही. दर शुक्रवारी ती घराजवळच्या फिरत्या सुशीच्या दुकानात काउंटरला बसायची. सहा बश्या, दोन कप चहा. "मावशी, तिथे मला कुणी विचारलं नाही की एकटीच का, इतकंच का. काय आहे ते समोर दिसायचं, भाव दिसायचा, तोंड उघडायची गरज नाही. आणि आजूबाजूला माणसं असायची. घरातली वाटायची."

ती हे सहज बोलून गेली. आईने चहाचा कप खाली ठेवला आणि नातीकडे बघत राहिली. रोज व्हिडिओ कॉलवर "जेवलीस का?" विचारलं जायचं आणि "हो" म्हणून उत्तर यायचं. त्या 'हो'च्या मागे काय होतं ते आम्हाला त्या दिवशी कळलं. आग्रह ही माया खरीच, पण एकट्या आणि हात आखडता असलेल्या माणसाला न विचारणं हीसुद्धा एक माया असते. शिराईशींनी ती मुद्दाम केली नसेल, माणसं मिळत नव्हती म्हणून केली असेल. गुण मात्र तोच आला.

पट्टा थांबतोय

आता जरा कडू. आज जपानमध्ये अशा दुकानात गेलात तर पट्ट्यावर आपोआप फिरणारी सुशी दिसेलच असं नाही. अनेक ठिकाणी फक्त मागवलेली बशीच येते. याला कारणं आहेत. फिरून फिरून सुकलेली सुशी टाकून द्यावी लागते. एका साखळीने तर बशीखाली चिप बसवून ३५० मीटर फिरलेली बशी आपोआप बाजूला काढायची सोय केली होती. मागणीप्रमाणे केलं की नासाडी कमी. करोनाच्या काळात उघडं अन्नही नकोसं झालं.

पण मोठा घाव बसला तो २०२३च्या जानेवारीत. एका किशोरवयीन मुलाने दुकानात सोया सॉसच्या बाटलीचं तोंड आणि कप चाटले, बोट चाटून ते पट्ट्यावरून जाणाऱ्या सुशीला लावलं. मित्राने त्याचा व्हिडिओ काढला. काही दिवसांत तो देशभर पसरला आणि अशा दुसऱ्या खोड्यांचेही व्हिडिओ बाहेर आले. त्या साखळीने मुलावर सुमारे ६ कोटी ७० लाख येनांचा दावा लावला, पुढे जुलैमध्ये समेट झाला. पण नुकसान पैशांत मोजण्यासारखं नव्हतं. पट्टे थांबले. एका स्पर्धक साखळीने झाकणं आणि कॅमेरे लावून पट्टा चालू ठेवला. ज्या साखळीत हे घडलं तिने पुढे काही दुकानांत टेबलाशी मोठे पडदे लावले, त्यांवर सुशीची चित्रं सरकतात. खरी बशी नाही, बशीचं चित्र.

तरुण वाचकांनो, हा भाग खास तुमच्यासाठी. उघड्या पट्ट्यावरचं अन्न पंचवीस अनोळखी माणसांसमोरून फिरून आपल्यापर्यंत येतं आणि आपण ते बिनधास्त खातो, हे कशाच्या जोरावर? कुणी बघत नसतानाही आधीच्या माणसाने नीट वागलं असेल, या विश्वासावर. स्वस्त अन्नाच्या मागे हा विश्वास असतो. आपल्याकडे वडापावच्या गाडीवर "किती झाले?" विचारतात आणि आपण सांगू तो आकडा धरतात. पाणपोईचा पेला आपण ओठांना न लावता वरून पाणी पितो. या गोष्टींना पहारेकरी नसतो, म्हणून त्या परवडतात. प्रत्येक बशीवर माणूस उभा करायचा तर ती १२० येनांत मिळणार नाही. एका पोराच्या काही सेकंदांच्या व्हिडिओची किंमत कारखान्यातल्या कामगाराने, शाळकरी मुलांच्या आईने आणि माझ्या भाचीसारख्या एकट्या मुलीने थोडी थोडी भरली. रील काढायला हात शिवशिवले, की हा हिशेब जरूर आठवा.

तरीही जा. पट्टा फिरता असो वा थांबलेला, बशी अजून स्वस्त आहे, चहा अजून फुकट आहे आणि एकट्याला काउंटरवर जागा अजून मिळते. शक्य असेल तर उघडा किंवा झाकणांचा पट्टा चालू असलेलं एखादं दुकान मुद्दाम शोधा. लहान गावांत आणि जुन्या बाजारांत अशी दुकानं अजून आहेत आणि काही ठिकाणी पट्ट्याच्या मधोमध उभा राहून कारागीर हाताने सुशी करतो. त्याच्याकडे बोट दाखवून मागितलं तरी चालतं.

आणि ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना एक सुचवते. फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारू नका. "आज कुठे जेवलीस, काय काय होतं, बाजूला कोण बसलं होतं?" असं विचारा. उत्तर जरा लांबेल. लांबू द्या.